बाबांची कुजबुज

आमच्या घरात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. स्वयंपाकघराच्या दाराआड एका पिशवीत कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात ना, तसे. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आणि पाहुणे आले की आपण पटकन दार लोटून घेतो!

गेल्या रविवारी मुलुंडला माझ्याकडे सगळे जमलो होतो. माझी धाकटी बहीण सुजाता, तिचा नवरा अमोल, आमची मुलं. जेवणं झाली आणि सुजाताच्या लेकीने विचारलं, "मावशी, आजोबा लहानपणी तुम्हाला कुठे कुठे फिरायला न्यायचे?"

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी सुजाताकडे. अमोल म्हणाला, "आता संध्याकाळ गेली!"

तर सुरुवात इथून. आमचे बाबा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होते. पत्र्याची झाकणं पाडायचं मशीन. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यात त्यांचे कान गेले. पूर्ण नाही, पण त्यांच्यासाठी सगळं जग शेजारच्या खोलीत बसून बोलतं.

त्याचं एवढं काही नव्हतं. आम्ही मोठ्याने बोलायचो, खुणा करायचो, चालून जायचं. खरी भानगड वेगळीच होती. बाबा मोठ्याने बोलत, ते त्यांना माहीत होतं. पण काही खाजगी बोलायचं असलं की ते आईच्या कानाशी वाकायचे, तोंडावर हात धरायचे आणि कुजबुजायचे.

ती कुजबुज पार रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायची!

*

मला बाबांची लाज वाटली नाही अशी एकच जागा होती. ती म्हणजे त्यांचं वर्कशॉप.

तेव्हा आम्ही असल्फ्याच्या टेकडीवर राहायचो. एकदा बाबा डबा घरी विसरले. आईने मला आणि सुजीला डबा देऊन पाठवलं. आम्ही गल्ली शोधत शोधत पोचलो. आत पाऊल टाकलं आणि दोघींनी कानात बोटं घातली. सगळी मशीनं एकदम चालू! बाबा हसत हसत आले, काहीतरी म्हणाले. ओठ हलले तेवढे दिसले, शब्द एक नाही कळला.

मग त्यांच्या बाजूच्या मशीनवरचे काका आले. माझ्या कानाला तोंड लावून ओरडले, "तुझा बाप फार हळू बोलतो गं! आम्हाला इथे कधीच काही ऐकू येत नाही!"

*

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला किस्सा तर तुम्हाला माहीतच असेल. नसेल तर ऐका.

मे महिन्याची सुट्टी होती. आईने चपात्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं बांधून घेतलं. सिंह बघायला जाळीच्या खिडक्या असलेली ती बस असते, त्यात आम्ही बसलो. पुढच्या सीटवर एक बाई, नवरा, मुलगा. बाई एकदम टापटीप. केस लाल-नारिंगी रंगवलेले. आमच्या टेकडीवर तेव्हा असलं काही कुणी बघितलेलं नव्हतं.

बस आत शिरली. ड्रायव्हर म्हणाला, "आवाज करू नका, सिंह झुडपाआड आहे." सगळे चिडीचूप. जाळीला नाकं चिकटलेली.

बाबा आईकडे वाकले. तोंडावर हात धरला.

"कमल, ह्या बाईच्या डोक्याला गंज चढलाय बघ!"

अख्खी बस मागे वळली. ती बाईही वळली. तिच्या नवऱ्याला एवढं हसू फुटलं की तो खोकायला लागला, आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा खोकला जागच्या जागी थांबला. सिंह बिचारा झुडपातून बाहेर आला, उभा राहिला, जांभई दिली. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे आमच्याकडे बघत होते!

आईने काय करावं? ती उठली आणि दोन सीट मागे जाऊन एका अनोळखी मावशीच्या शेजारी बसली. मावशीने विचारलं, "ते तुमचे मिस्टर ना?"

आई म्हणाली, "नाही हो. मी एकटीच आलेय."

*

सहावीत आम्हाला गणिताला ज्या बाई होत्या, त्या दुपारच्या तासाला गणित घालायच्या आणि खुर्चीत बसून पेंगायच्या. मी घरी सांगितलं होतं. घरी सांगायचं असतं का असलं काही? पण मला काय माहीत बाबा लक्षात ठेवतील!

पालकसभेला बाबा सुट्टी टाकून आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. बाईंनी माझं प्रगतिपुस्तक उघडलं. बाबा माझ्याकडे वाकले.

"मने, ह्याच का त्या झोपणाऱ्या?"

मागे रांगेत बाकीचे पालक उभे होते. कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंचा चेहरा लाल. मला तर वाटलं बाक फाटावा आणि त्याने मला पोटात घ्यावं. बाई म्हणाल्या, "मी झोपत नाही. डोळे मिटून विचार करते."

बाबांना ते ऐकूच आलं नाही. ते हात जोडून म्हणाले, "पोरीकडे लक्ष ठेवा, मॅडम."

ठेवलं! त्या वर्षी बाईंनी एकदाही डोळे मिटले नाहीत. रोज दुपारी फळ्यावर गणितं, आणि रोज पहिलं गणित सोडवायला मी. अख्खा वर्ग वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही.

*

गोराईच्या बोटीचा किस्सा सुजाता सांगते तेव्हा उभी राहूनच सांगते.

रविवार होता. बोट खच्चून भरलेली. पोरं, म्हातारे, बायका, दोन मोटारसायकली. आम्ही मधोमध. बोट खाडीच्या मध्यावर आली. वारा सुटलेला, सगळे मजेत, कुणी फोटो काढतंय, कुणी वेफर्स खातंय. बाबा मात्र खाली बघत होते. मग आईच्या कानाशी वाकले.

"घाबरू नको. पण बोटीत पाणी शिरतंय."

एवढंच! एकदम कल्ला. बायका उठून उभ्या. कुणी देवाचं नाव घेतंय, कुणी पोराला उचलून खांद्यावर घेतलंय. सगळे एका बाजूला धावले तशी बोट खरोखरच कलली. बोटवाला वरून ओरडतोय, "बसा रे! खाली बसा! काय पाणीबिनी नाय!" बाबा पाय वर करून दाखवतायत, "हे काय! चप्पल ओली झाली माझी!"

बोटवाला माणसं ओलांडत ओलांडत आला. खाली वाकला. त्या पाण्यात हाताचं बोट बुडवलं, वास घेतला. मग चाटून बघितलं.

कोकम सरबत! आईच्या पिशवीतल्या बाटलीचं झाकण सुटलं होतं.

सगळी बोट आमच्याकडे बघतेय. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणी हसलं नाही. एक आजी नुसती छातीवर हात ठेवून बसली होती. आईने तिला उरलंसुरलं सरबत देऊ केलं. आजीने तोंड फिरवलं.

संध्याकाळी परत निघालो. धक्क्यावर तोच बोटवाला. बाबांना बघून त्याने दोन्ही हात आडवे धरले. "काका, हात जोडतो. तुम्ही भाईंदरवरून बसने जा!"

गेलो! बसने!

*

माझ्या मामेभावाचं लग्न. विक्रोळीला हॉल घेतला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पुढे बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या लावलेल्या. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग म्हणाले, "आता आपण सगळे डोळे मिटून क्षणभर मन शांत करूया."

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. नवरी-नवरा हात जोडून. मी डोळे मिटले होते, पण मनात धाकधूक. कारण बाबा मघाशी कुठेतरी गायब झाले होते आणि आत्ताच परत येऊन बसले होते.

आणि आलंच.

"कमल, गुलाबजाम हाये. मी आत जाऊन बघून आलो."

भन्तेजींनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मी बघितला. पोरं तर खाली वाकून हसत होती. मामी मात्र वर्षभर आईशी बोलली नाही. "माझ्या एकुलत्या एका पोराचं लग्न, आणि व्हिडिओत काय आवाज आला? गुलाबजाम!"

खरंच आलाय. त्या कॅसेटमध्ये अजून आहे.

*

आता सुजाताच्या लग्नाचं. हे अमोल सांगतो, पण तो फार मसाला लावतो, म्हणून मीच सांगते.

सुजाता आणि अमोल एकाच ऑफिसात. दोघांचं जमलेलं. त्याच्या घरी माहीत, आमच्या घरी माहीत. पण अमोलची आजी जुन्या वळणाची. तिला वाटायला हवं की हे रीतसर ठरवलेलं स्थळ आहे. म्हणून नाटक रचलं. ते बघायला येणार, सुजाता चहा घेऊन येणार, अमोलने तिला पहिल्यांदाच बघतोय असं दाखवायचं. बाबांना आईने आदल्या दिवशी सगळं समजावलं. खुणा करून, ओरडून, परत परत. बाबांनी मान डोलवली. "कळलं, कळलं!"

आले सगळे. सुजाता ट्रे घेऊन आली. अमोलने इतकी लाजरी ॲक्टिंग केली की मला हसू आवरेना. आजीने विचारलं, "पोरा, पसंत आहे का?" अमोल खाली बघून म्हणाला, "आत्ताच तर बघितलं, आजी."

बाबा आईकडे वाकले.

"हा तोच ना गं? वाकोल्याच्या सिग्नलला रोज सुजीला बाईकवरून सोडतो? हेल्मेट काढल्यावर बरा दिसतो की!"

अमोलच्या बाबांनी चहाचा घोट तोंडातच धरून ठेवला होता.

आजीने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे ह्यांच्याकडेपण सगळ्यांना माहितीये? मग मला कशाला एवढं सजवून आणलंत? पोहे तरी आणा!"

सगळे हसले. सगळं सुरळीत झालं. पण सुजाता स्वयंपाकघरात जाऊन रडत होती. "माझा एक दिवस गं, ताई. एक दिवस तरी गप्प बसायला काय होतं?"

तेवढ्यात बाबा पोह्यांच्या बशा न्यायला आत आले. तिच्याकडे बघून म्हणाले, "काय झालं? कांदा कापतेस?"

कांदा कुठेच नव्हता. सुजाताने टोपलीतून एक कांदा घेतला आणि खरंच कापायला लागली.

*

मग आम्ही दोघींनी पैसे साठवले आणि बाबांना कानाचं मशीन घेतलं. डॉक्टरांनी मशीन बसवलं, बटण फिरवलं. बाबांनी पहिल्यांदा वर पंख्याकडे बघितलं. "हा असा करकरतो?" मग स्वतःची चप्पल फरशीवर घासून बघितली. मग परत घासली. खूश!

घरी यायला रिक्षा केली. मध्ये बाबा, दोन बाजूंना आम्ही. साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली. आणि आम्ही दोघी नेहमीसारख्या बोलायला लागलो, बाबांच्या डोक्यावरून, जशा वर्षानुवर्षं बोलत आलो तशा.

सुजाता म्हणाली, "सुटले बाई. अमोलच्या बहिणीच्या लग्नाला आता बाबांना नेता तरी येईल. नाहीतर मी सांगणारच होते, त्यांची तब्येत बरी नाही म्हणून."

बाबा समोर बघत होते. म्हणाले, "काय झालंय माझ्या तब्येतीला?"

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि हळूच रेडिओ बंद केला. सिग्नल सुटेना. सुजाता तिच्या बाजूला बाहेर बघत बसली, मी माझ्या. तेवढ्यात मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि बाबा दचकले. त्यांनी कानाला हात लावला, मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं.

"बाहेर लई आवाज असतो," म्हणाले.

त्या लग्नाला आले ते. मशीन न लावता. कुणी काही बोललं की नुसते हसायचे, मान डोलवायचे. आईच्या कानाशी एकदाही वाकले नाहीत. सुजाताच्या सासरचे सगळे म्हणत होते, "तुझे बाबा किती शांत आहेत गं!" त्या दिवशी सुजाताने ताट घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

*

गेल्या वर्षी आईचं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. साधं आहे म्हणाले होते. पण नंतर ताप उतरेना, तिला आयसीयूत नेलं. काही दिवस आमचे काळजीत गेले. मग ताप उतरला आणि तिला परत जनरल वॉर्डात आणलं. डोळे मिटूनच असायची, ग्लानीत.

वॉर्ड भरलेला. शेजारच्या खाटेवर वेसाव्याच्या एक कोळीण मावशी होत्या, पायाला प्लास्टर. मासे विकायला निघाल्या आणि घसरल्या. दिवसभर त्यांचा फोन चालू असायचा. मुलीला झापायच्या, सुनेला झापायच्या, पापलेटचा भाव खाटेवरूनच ठरवायच्या. नर्ससुद्धा त्यांना घाबरून असायची.

संध्याकाळी भेटायची वेळ झाली. एका वेळी एकालाच आत सोडत होते. बाबा आत गेले, नेहमीसारखे मशीन न लावता. आम्ही दोघी दारात उभ्या.

बाबांनी स्टूल ओढलं. आजूबाजूला बघितलं. मग आईच्या कानाशी वाकले आणि तोंडावर हात धरला.

सुजाताने माझा दंड पकडला. "ताई, थांबव ना त्यांना."

पण तोवर सुरू झालं होतं.

"कमल, मी हाये. डोळे नको उघडू. घरी सगळं ठीक. मोगऱ्याला पाणी घातलं. भात लावला होता, त्याचा चिखल झाला. खाल्ला मी."

समोरच्या खाटेजवळ बसलेल्या माणसाने पेपर खाली केला. फरशी पुसणाऱ्या बाईचा हात थांबला.

"पोरी बाहेर उभ्या हायेत. त्यांना सांगू नको, पण मला लई भ्या वाटलं गं. डॉक्टर येऊन काय काय बोलले, मला काही कळलं नाही. मी नुसती मान डोलवली. पोरींना सारखं सारखं काय विचारणार? मी तोंड उघडलं की त्यांची तोंडं कशी होतात, ते दिसतं ना मला. कान गेलेत, डोळे हायेत. त्यांचं बरोबर हाये. त्यांना चार लोकांत वावरायचं असतं. माझा आवाजच मेला तसला. पण तुला काही झालं असतं, तर मी कुणाच्या कानात बोललो असतो?"

कोळीण मावशींचा फोन चालू होता. त्यांनी तो कानावरून काढून पदराखाली धरला. आतून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. सुजाताच्या हाताची पकड सुटली होती, आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आईचे ओठ हलले.

"काय?" बाबा म्हणाले. कान तिच्या तोंडाशी नेला. "काय म्हणतेस?"

आईने डोळे न उघडता, सगळी ताकद लावून म्हटलं, "अहो... अख्खा वॉर्ड ऐकतोय."

बाबांनी मान वर केली. वॉर्डभर नजर फिरवली. पेपरवाल्याने पेपर तोंडासमोर धरला. फरशी पुसणारी बाई आधीच पुसलेली जागा परत पुसायला लागली. कुणी छताकडे, कुणी खिडकीकडे.

बाबा स्टुलावरून उठायला लागले.

तेवढ्यात कोळीण मावशी उशीला टेकून बसत्या झाल्या आणि बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडल्या, "आमी काय नाय आयकला, भाऊ! तुमी बोला!"